शिखररेषा, भाषारेषा आणि घाटवाटा : आल्सासच्या द्राक्षभूमीतील सायकलमार्गांचा इतिहास

भाषाशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात भाषिक सीमांचा विषय निघाला की आल्फाँस दोदे याच्या ‘शेवटचा धडा’ या कथेचा दाखला कोणी ना कोणी विद्यार्थी देतोच. उच्च माध्यमिक वर्गांच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकातून ती बहुतेकांच्या वाचनात आलेली असते. फ्रान्सचा पराभव झाला आहे, आल्सासमधील एका खेड्याच्या शाळेत उद्यापासून फ्रेंचऐवजी जर्मन शिकविली जाणार आहे, आणि वृद्ध शिक्षक आपल्या भाषेला घट्ट धरून राहा असे सांगून मुलांचा निरोप घेत आहे, असा तिचा विषय. कथा म्हणून ती हृद्य आहे यात शंका नाही. पुरावा म्हणून मात्र ती दिशाभूल करणारी आहे. १८७१ च्या सुमारास आल्सासमधील बहुसंख्य खेड्यांत घरची भाषा फ्रेंच नव्हतीच. ती एक जर्मानिक बोली होती, आणि तिचे जवळचे नाते ऱ्हाइनपलीकडील व स्वित्झर्लंडमधील बोलींशी होते. फ्रेंच ही तेथे शाळेची, कचेरीची आणि शहरातील सुखवस्तु घरांची भाषा होती. दोदेच्या कथेने भावनेला जे सोपे करून दिले ते अभ्यासकाने तसेच स्वीकारावे हे बरे नव्हे.

यालाच जोडून दुसरा एक समज आढळतो. फ्रेंच आणि जर्मन या दोन भाषांच्या मध्ये व्होज पर्वताची भिंत उभी आहे, आणि ती निसर्गानेच घातलेली आहे, असा तो समज होय. या दुसऱ्या समजाची तपासणी प्रस्तुत लेखात करावयाची आहे. त्यासाठी निवडलेले साधन काहीसे अनपेक्षित वाटेल. व्होजची अरण्ये ओलांडून आल्सासच्या द्राक्षमळ्यांत उतरणारे आणि आज सायकलस्वारांच्या विशेष आवडीचे झालेले घाटरस्ते, हे ते साधन. हे रस्ते कोणी बांधले, कशासाठी बांधले, त्यांवरील खिंडींना व शिखरांना नावे कोणी दिली आणि त्या नावांचा अपभ्रंश कोणी केला, हे पाहिले असता भिंतीची कल्पना फारशी टिकत नाही.

प्रथम भूमीचे स्वरूप थोडक्यात सांगितले पाहिजे. व्होजची रांग साधारणपणे दक्षिणोत्तर पसरलेली असून तिच्या पश्चिमेस लोरेन व पूर्वेस आल्सास आहे. आल्सासपलीकडे ऱ्हाइन नदी. सर्वोच्च माथा ग्रां बालों, उंची १४२४ मीटर. पाऊस पश्चिमेकडून येतो. माथ्यावर वर्षाकाठी तो दोन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो, आणि पूर्वेच्या पायथ्याशी असलेल्या कोल्मार शहरात सहाशेच्या आसपास. महाबळेश्वर आणि वाई यांतील अंतर ज्यास ठाऊक आहे त्यास पर्जन्यछायेचा हा प्रकार समजावून सांगावयास नको. या कोरड्या, उन्हाच्या पूर्व उतारावर सुमारे दोनशे ते चारशे मीटरांच्या पट्ट्यात द्राक्षमळे आहेत. त्यांच्या वर बीच आणि देवदारजातीच्या वृक्षांचे दाट अरण्य. आणि अगदी माथ्यावर वारा खाणारी उघडी कुरणे. पायथ्याच्या मुन्स्टर गावातून श्लुख्तच्या खिंडीकडे निघालेला सायकलस्वार सुमारे १८ किलोमीटरांत खालच्या ऊबदार खोऱ्यातून अरण्यात आणि अरण्यातून कुरणांत जाऊन पोहोचतो.

या तीन पट्ट्यांचा शब्दसंग्रह पाहण्याजोगा आहे. खालच्या पट्ट्यातील लोक जर्मानिक बोली बोलणारे; परंतु द्राक्षांच्या धंद्यातील त्यांचे मूळ शब्द लॅटिन आहेत. दारूस ‘वाइन’ (लॅटिन ‘विनुम’), द्राक्षमळेकऱ्यास ‘विंत्सर’ (‘विनितोर’), रस गाळण्याच्या चरकास ‘केल्टर’ (‘काल्कातूरा’, म्हणजे तुडविणे), ताज्या रसास ‘मोस्ट’ (‘मुस्तुम’), तळघरास ‘केलर’ (‘केलारियुम’). द्राक्षवेल रोमन लोकांबरोबर आली आणि आपले शब्द घेऊन आली. गावांच्या नावांतही तेच. मैदानात ‘-हाइम’ने संपणारी जर्मानिक नावे पुष्कळ, डोंगराच्या कुशीत मात्र गेब्विलेर, रिक्वीर, बेनवीर अशी नावे भेटू लागतात. यांतील ‘-विलेर’ आणि ‘-वीर’ हे दोन्ही उत्तरकालीन लॅटिन ‘विलारे’ या शब्दाचेच अवशेष होत. पर्वताच्या पलीकडे लोरेनमध्ये हाच शब्द ‘-व्हिलेर’ या फ्रेंच वेषात सापडतो. मुन्स्टर हे नाव ‘मोनास्तेरियुम’, म्हणजे मठ, यापासून आलेले. सातव्या शतकात तेथे बेनेडिक्टाइन साधूंचा मठ स्थापन झाला होता.

माथ्यावरच्या कुरणांत याच्या उलट देवघेव दिसते. तेथे उन्हाळ्यात गाई नेऊन चीज तयार करणाऱ्या गवळ्यास फ्रेंचमध्ये ‘मार्केर’ म्हणतात. हा शब्द फ्रेंच नव्हे. आल्सासच्या बोलीतील ‘माल्कर’, म्हणजे दूध काढणारा, याचे ते फ्रेंच रूप. मुन्स्टरच्या खोऱ्यातील गवळी मध्ययुगापासून शिखररेषा ओलांडून पश्चिमेच्या कुरणांतही गुरे चारीत, आणि त्यांच्यामागोमाग त्यांचा शब्द गेला. भिंतीवरून शब्द असे ये-जा करीत नाहीत. खिंडीतून करतात.

आता राजकीय सीमेकडे वळू. १० मे १८७१ रोजीच्या फ्रांकफुर्टच्या तहाने आल्सास आणि लोरेनचा काही भाग जर्मन साम्राज्यात गेला, आणि दक्षिण व मध्य व्होजमध्ये शिखररेषा हीच राज्यसीमा ठरली. श्लुख्तच्या ११३९ मीटर उंचीवरील खिंडीत जकातनाके उभे राहिले. जर्मन इतिहासकारांनी या सीमेचे समर्थन भाषेच्या आधारे केले, आणि फ्रेंचांनी तिला जखम मानले. सां-दिए येथे जन्मलेला मुत्सद्दी झ्यूल फेरी याच्या मृत्युपत्रापासून ‘व्होजची निळी रेषा’ हा शब्दप्रयोग फ्रान्सभर गाजला. परंतु दोन्ही पक्षांच्या नजरेतून एक लहानसा प्रदेश निसटला. बोनोमच्या खिंडीतून (उंची ९४९ मीटर) केझेरबेर्गच्या द्राक्षमळ्यांकडे उतरताना बोनोम, लापूत्रवा, ओर्बे, फ्रेलां आणि लाबारोश ही गावे लागतात. ती शिखररेषेच्या पूर्वेस आहेत, आल्सासमध्ये आहेत, आणि तरीही तेथील परंपरागत बोली जर्मानिक नसून रोमान्स कुळातील, म्हणजे फ्रेंचची सख्खी बहीण आहे. शेजारचे लोक या मुलखास ‘वेल्श’ म्हणत. उत्तरेकडे ब्र्यूश नदीच्या वरच्या खोऱ्यातही असाच प्रकार होता. शिर्मेक व साल हे तेथील तालुके १८७१ पूर्वी पश्चिमेकडील व्होज जिल्ह्यात मोडत, आणि तेथील रोमान्सभाषी रहिवासीही तहानंतर जर्मन प्रजाजन झाले. म्हणजे पाणी वाटणारी रेषा एक, राज्याची रेषा तिला चिकटवलेली, आणि भाषेची रेषा तिसरीच. आपल्याकडील सीमाभागाच्या वादाची कागदपत्रे ज्यांनी चाळली आहेत त्यांस याचे नवल वाटू नये.

‘वेल्श’ या शब्दावर थोडे थांबणे विषयांतर होणार नाही. व्होल्की नावाच्या एका केल्टिक जमातीच्या नावावरून जर्मानिक भाषांत ‘परका, विशेषतः रोमनभाषी’ या अर्थाचा शब्द तयार झाला. ब्रिटनमधील वेल्स, बेल्जममधील वालोनिया, बाल्कन प्रदेशातील व्लाख लोक, आणि आपल्या परिचयाच्या ‘वॉलनट’चा पहिला अर्धा भाग, हे सर्व त्याच शब्दाचे वंशज. दक्षिण व्होजमधील ज्या पर्वतास फ्रेंचमध्ये ‘बालों द’आल्सास’ म्हणजे ‘आल्सासचा बालों’ म्हणतात, त्याचे एक जर्मन नाव ‘वेल्शर बेल्खन’, म्हणजे ‘परक्यांचा, फ्रेंचभाषकांचा बेल्खन’ असे आहे. पर्वत एकच. इकडचे त्यास तिकडचा म्हणतात, आणि तिकडचे इकडचा! ‘बालों’ म्हणजे चेंडू, माथा गोल म्हणून हे नाव, असे प्रवासी पुस्तकांतून छापले जाते. ते लोकव्युत्पत्तीचे उदाहरण म्हणून ठीक आहे. ‘बालों’ आणि ‘बेल्खन’ यांच्यामागे एकच जुने नाव असावे असे मानण्याकडे अभ्यासकांचा कल आहे, जरी त्या मूळ नावाविषयी एकमत नाही. बेल्खन नावाची शिखरे ऱ्हाइनपलीकडे काळ्या अरण्यात आणि स्वित्झर्लंडमध्येही आहेत. त्यांच्या माथ्यांवरून सूर्योदयाची गणिते मांडणारा एक पंथ निघाला आहे. त्यात आम्हांस रस नाही.

रस्ते या सीमेच्या आधीचे आहेत ही गोष्ट महत्त्वाची. बालों द’आल्सासवरील गाडीरस्ता अठराव्या शतकातला. मुन्स्टर-श्लुख्त रस्ता १८६० पर्यंत पूर्ण झाला आणि त्यामागे मुन्स्टरच्या हार्टमन या कापडगिरणीवाल्या कुटुंबाचा पुढाकार होता. कापूस आणि कापड डोंगरापलीकडे नेणे हा त्यांचा उद्देश. सीमा आल्यावर रस्ता बंद पडला नाही. १९०४ साली फ्रेंच बाजूने जेरारमेहून आणि १९०७ साली जर्मन बाजूने मुन्स्टरहून अशा दोन ट्रामगाड्या खिंडीपर्यंत येऊ लागल्या. दोन राष्ट्रे, दोन ट्रामगाड्या, एक खिंड. आणि दोहोंतून उतरणारे सहलकरी.

सायकल याच काळात खोऱ्यांत आली. आल्बर्ट श्वाइट्झर यांचा जन्म १८७५ साली केझेरबेर्गचा आणि बालपण मुन्स्टर खोऱ्यातील गुन्सबाखचे. त्यांनी आपल्या बालपणाच्या आठवणींत पहिल्या सायकलीच्या दर्शनाची हकीकत सांगितली आहे. पुढे मुलूझ येथे शिकत असताना गणिताच्या शिकवण्या करून मिळविलेल्या पैशांतून त्यांनी एक वापरलेली सायकल घेतली. पाद्र्याच्या मुलाने सायकलीवर बसणे अनेकांस तेव्हा अशोभनीय वाटे. याच श्वाइट्झरांनी अन्यत्र स्वतःच्या भाषेविषयी जे सांगितले आहे ते दोदेच्या कथेशेजारी ठेवून वाचण्यासारखे आहे. घरी आईवडिलांस पत्रे फ्रेंचमध्ये लिहावयाची अशी पद्धत होती. तरी मातृभाषा मात्र आपण जर्मन मानतो, कारण आल्सासची बोली जर्मानिक आहे, असा त्यांचा निर्वाळा. असा मनुष्य १९१८ पर्यंत जर्मन नागरिक आणि नंतर फ्रेंच. कथेतल्या शिक्षकास त्यांच्याविषयी काय वाटले असते, कोण जाणे.

१९०३ साली ‘लोतो’ या पॅरिसच्या क्रीडापत्राने तूर द फ्रांस ही शर्यत सुरू केली. तिचा संचालक आंरी देग्रांज. १९०५ च्या जुलैमध्ये नांसी ते बझांसों या टप्प्यात त्याने बालों द’आल्सासचा घाट घातला. सायकलीवरून न उतरता तो कोणी चढू शकेल असे त्यास वाटत नव्हते. रने पोतिए याने सुमारे नऊ किलोमीटरांची ती चढण न उतरता पार केली आणि माथा प्रथम गाठला. टप्पा मात्र इपोलित ओकुतुरिए याने जिंकला, आणि पोतिएस दुखापतीमुळे लवकरच शर्यत सोडावी लागली. पुढील वर्षी तो परत आला, त्याच घाटात सर्वांना फार मागे टाकून शर्यतही जिंकला. १९०७ च्या जानेवारीत त्याने आत्महत्या केली. माथ्यावर त्याचे स्मारक आहे. तूरमधील हा पहिलाच घाट असे सर्रास लिहिले जाते ते खरे नाही. १९०३ मध्येही सेंत-एतिएनजवळची एक खिंड वाटेत होती. मग बालोंचीच आख्यायिका का झाली? त्याचे कारण चढणीत जितके आहे तितकेच नावात आहे, असे आमचे मत आहे. त्या काळी शर्यतीची वाट फ्रान्समध्येच राहिली होती. उत्तर उतार व्होज जिल्ह्याचा, दक्षिण उतार बेल्फोरचा, म्हणजे जुन्या आल्सासचा जो एक तुकडा १८७१ नंतरही फ्रान्सकडे राहिला त्याचा. माथ्यावरून पूर्वेस पाहिले की गमावलेला मुलूख दिसे. घाटाच्या नावात ‘आल्सास’ होते, आणि वृत्तपत्रास तेवढे पुरे होते. १९०७ ते १९१० या वर्षांत तर तूरचा एक मुक्काम प्रत्यक्ष जर्मन ताब्यातील लोरेनमध्ये, ज्या शहरास फ्रेंच ‘मेस’ आणि जर्मन ‘मेट्स’ म्हणतात तेथे, पडत असे. फ्रेंच शर्यतीचे तेथे होणारे स्वागत जर्मन अधिकाऱ्यांस रुचेनासे झाले, आणि १९११ पासून ती वाट बंद झाली.

पहिल्या महायुद्धात शिखररेषेची आघाडी झाली. खोऱ्याखोऱ्यांतून असलेले रस्ते पूर्व-पश्चिम होते; माथ्यालगत दक्षिणोत्तर सैन्य व दारूगोळा हलविण्यास वाट नव्हती. फ्रेंच सैन्याने ती तयार केली. शिखराच्या थेट पाठीवरून न नेता तिचा बराच भाग पश्चिमेच्या अंगास, अरण्याच्या आडोशाने नेला, जेणेकरून जर्मन तोफखान्याच्या दुर्बिणींस ती दिसू नये. आज हीच ‘रूत दे क्रेत’, म्हणजे शिखरमार्ग, बोनोमपासून सेर्नेपर्यंत सुमारे ऐंशी किलोमीटर जाते, आणि सायकलस्वार तिच्या सावलीची स्तुती करतात. ती सावली कशासाठी निवडली होती हे ठाऊक असलेले त्यांत किती, हा प्रश्न वेगळा.

ग्रां बालोंवरून सेर्नेकडे उतरताना हार्टमन्सविलरकॉफ्फ हा ९५६ मीटरांचा सुळका लागतो. १९१५ मध्ये तो दोन्ही सैन्यांच्या हातांत वारंवार आला-गेला, आणि हजारो माणसे तेथे पडली. स्मारकाच्या तळघरात सुमारे १२,००० अनामिक सैनिकांच्या अस्थी आहेत. पायथ्याच्या हार्टमन्सविलर गावावरून या सुळक्याचे नाव पडले. फ्रेंच सैनिकांच्या जिभेस ते पेलेना. ‘ह’ त्यांच्या उच्चारात नाही, म्हणून ‘हार्टमन’चा ‘आर्मां’ झाला. ‘विलर’मध्ये त्यांस ‘व्हिएय’, म्हणजे म्हातारा, ऐकू आला. आणि सुळका ‘व्हिएय आर्मां’, म्हातारा आर्मां, झाला. लॅटिन ‘विलारे’चा हा शेवटचा अवतार. गंमत अशी की आर्मां हे फ्रेंच नावसुद्धा मुळात जर्मानिकच. ३ ऑगस्ट २०१४ रोजी फ्रान्स व जर्मनी यांच्या राष्ट्राध्यक्षांनी तेथे संयुक्त संग्रहालयाची पायाभरणी केली व २०१७ मध्ये ते उघडले.

युद्ध संपल्यावर सायकलशर्यत जणू ताबापावती म्हणून फिरविली गेली. २८ एप्रिल १९१९ रोजी ‘ल पती झुर्नाल’ या वृत्तपत्राने रणभूमींची प्रदक्षिणा करणारी शर्यत स्त्रासबूरहून सोडली. रस्ते उखडलेले, गावे उद्ध्वस्त, आणि बालों द’आल्सासवर बर्फ. बेल्जन शार्ल देरुइतेर ती जिंकला. दोन महिन्यांनी निघालेल्या तूरनेही स्त्रासबूर आणि मेस येथे मुक्काम केला. पूर्वीचे तीन विजेते, फाबेर, लापीझ आणि पती-ब्रतों, तोवर युद्धात कामास आले होते.

१९४० मध्ये पुन्हा जर्मन ताबा आला. या वेळी फ्रेंच गावांची, रस्त्यांचीच नव्हे तर माणसांचीही नावे बदलविण्यात आली, आणि १९४२ पासून आल्सासच्या तरुणांची जर्मन सैन्यात सक्तीने भरती झाली. शिर्मेकच्या वर डोंगरात स्ट्रुटहोफ येथे नाझींची बंदिशाळा होती. ती आणि तिच्या शाखा मिळून सुमारे ५२,००० कैदी तेथे डांबले गेले. द्राक्षमळ्यांतून शां द्यु फच्या पठाराकडे चढणाऱ्या सायकलस्वारांपैकी काही जण आजही तिच्या दारावरून जातात.

द्राक्षगावांवर खरा घाला १९४४-४५ च्या हिवाळ्यात, कोल्मारभोवतीच्या लढाईत पडला. ३० मे १९५३ रोजी आल्सासच्या द्राक्षमार्गाचे उद्‌घाटन झाले. उत्तरेस मार्लेनहाइमपासून दक्षिणेस तानपर्यंत हा मार्ग सुमारे १७० किलोमीटर आहे, आणि त्याला समांतर, पुष्कळदा मळ्यांतील गाडीवाटांवरून, आता सायकलमार्गही आखलेला आहे. लंडन-रोम-ब्रिंदिसी या युरोपीय सायकलमार्गाचा तो एक भाग. यावरून जाणारा रिक्वीरची लाकडी चौकटींची सोळाव्या शतकातील घरे पाहून थक्क होतो, आणि काही किलोमीटरांवर बेनवीर येथे त्यास काँक्रीटचे नवे गाव दिसते. तेथे तो थांबत नाही. बेनवीर डिसेंबर १९४४ मध्ये जवळजवळ संपूर्ण जळाले होते. शेजारच्या सिगोल्सहाइमच्या टेकडीवर द्राक्षवेलींच्या मध्येच सुमारे १,६०० सैनिकांची दफनभूमी असून त्यांतील पुष्कळ कबरी उत्तर आफ्रिकेतील मुसलमान सैनिकांच्या आहेत. द्राक्षमार्ग हा त्या अर्थाने सहलीसाठी काढलेला मार्ग जितका, तितकाच मोडलेल्या धंद्यास पुन्हा उभे करण्याचा उपाय होता. तो इतिहास सोडून केवळ चित्रमय घरांची वर्णने करणाऱ्यांविषयी आमची तक्रार आहे.

युद्धानंतर फ्रेंच शासनाने शाळांतून बोलीस हद्दपार केले. जर्मन सक्तीचा अनुभव ताजा असल्याने लोकांनीही फारसा विरोध केला नाही, आणि जे काम १८७१ पूर्वी झाले नव्हते ते दोन पिढ्यांत झाले. आता गावांच्या वेशीवर कोठे कोठे बोलीतील नावाची पाटी फ्रेंच पाटीखाली लावलेली दिसते. बोनोम या गावाचे जर्मन नाव दीडोल्सहाउझन, म्हणजे देओदातुसचे घर; आणि फ्रेंच ‘बोनोम’, भला माणूस, हाही परंपरेनुसार तोच देओदातुस, सातव्या शतकातील साधू सां-दिए. दोन भाषांनी एकाच सत्पुरुषास दोन रीतींनी हाक मारलेली आहे. खिंडीस ‘कोल’, म्हणजे मान, म्हणणारी फ्रेंच भाषा चढणीचे एकच टोक दाखविते. आपला ‘घाट’ हा शब्द चढ, वळणे, खिंड आणि उतार हे सर्व पोटात घेतो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीतील ‘घाटांचा राजा’ हा किताब म्हणूनच फ्रेंच ‘पर्वतांचा राजा’पेक्षा आम्हांस अधिक नेमका वाटतो.

तूर या प्रदेशात वारंवार परत येते. २०१४ साली जेरारमे-मुलूझ टप्प्यात श्लुख्त, वेटस्टाइन आणि मार्कस्टाइन हे तिन्ही, म्हणजे जुन्या आघाडीचे बहुतेक सर्व घाट, एका दिवसात आले. ३० जुलै २०२२ रोजी महिलांची तूर द्राक्षभूमीतील सेलेस्तात येथून निघून मार्कस्टाइनला चढली व आनेमीक फान फ्लोइटन हिने तो टप्पा जिंकला. परंतु अलीकडे सर्वांत अधिक नाव झाले ते दक्षिण व्होजमधील ला प्लांश दे बेल फीय या चढणीचे. २०१२ पूर्वी तूर तेथे कधी गेली नव्हती. नावाचा अर्थ ‘सुंदर मुलींची फळी’. तीस वर्षांच्या युद्धात स्वीडिश सैनिकांपासून अब्रू वाचविण्यासाठी गावातील मुलींनी येथील तळ्यात उड्या घेतल्या, अशी कथा दर जुलैमध्ये समालोचक सांगतात. नावाचा उगम मात्र बोलीतील ‘फाई’ या शब्दात दाखविला जातो. तो शब्द लॅटिन ‘फागेतुम’पासून आलेला, अर्थ, बीचचे बन. ‘बेल फाई’, म्हणजे सुंदर बीचची बने, याचे कानावरून ‘बेल फीय’ झाले, आणि मुली मागाहून आल्या. त्या उतारावर बीचची झाडे आजही आहेत.